कालचा नकाशा, आजची वाट

वाचकहो, इंदापूर तालुक्यातले पळसदेव आपल्याला ठाऊक असेलच. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि भीमाकाठचे जुने गाव पाण्याखाली गेले. धरणाचे पाणी फार आटले, की पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते. माणसे तिथवर चालत जातात. पाऊस झाला, की त्याच वाटेवर होडी चालते!

आता गाडीतल्या फोनचे पाहा. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह वेळेचे संदेश धाडतात. निदान चार उपग्रहांच्या संदेशांवरून फोन आपली जागा काढतो. उपग्रहाचे काम इथे संपले. पुढची वाट दाखवतो तो नकाशा. आणि नकाशा बोलूनचालून कालचा!

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात हे जिवावर बेतले. कळसूबाईला निघालेली पुण्याची गाडी रात्री फोनच्या भरवशावर पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात शिरली. वाटेवरचा पूल बुडालेला होता. दोघे वाचले, गाडी चालवणारा मात्र गेला.

इतिहास शिकवताना आम्ही मुलांना सांगतो, की कोणताही कागद हाती आला, तर तो कधीचा, हे आधी विचारा. नकाशाही कागदच आहे. तेव्हा फोन जरूर जवळ ठेवा, पण बारामतीहून भीमाकाठी अनोळखी वाटेने निघालात, तर चहाच्या टपरीपाशी जरा थांबा आणि विचारा, "दादा, हा रस्ता पुढे पाण्यात तर जात नाही ना?"