उपयोजित भाषाविज्ञान व द्वितीय भाषेचे अध्यापन

भाषाविज्ञानाचे सिद्धांत भाषाध्यापन, भाषांतर, कोशरचना इत्यादी व्यवहारांत उपयोगास आणणारी विद्याशाखा. मिशिगन विद्यापीठात १९४१ मध्ये चार्ल्स फ्रीझ यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजी भाषेची संस्था निघाली. एडिंबरो विद्यापीठाने १९५७ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग उघडून त्याची सूत्रे कॅटफर्ड यांच्या सुपूर्त केली. मातृभाषा व शिकावयाची भाषा यांची तुलना केली असता विद्यार्थ्याच्या अडचणी आगाऊ ओळखता येतात, असे प्रतिपादन त्याच वर्षी रॉबर्ट लॅडो यांनी केले. तथापि एडिंबरोच्याच पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार अधिक मूलगामी होय. विद्यार्थ्याच्या चुका हा त्याच्या अज्ञानाचा पुरावा नसून, त्याने मनाशी रचलेल्या नियमव्यवस्थेचा दाखला असतो, असे त्यांचे म्हणणे. मराठी शिकणारा परभाषक ‘धरला’च्या धर्तीवर जेव्हा ‘करला’ म्हणतो, तेव्हा तो नियम मोडीत नसून उलट अतिरेकाने पाळीत असतो, आणि नुकती बोलू लागलेली मराठी मुलेही नेमके हेच करतात. अशा रूपावर नुसती तांबडी रेघ ओढणारा शिक्षक निदानाची मोठी संधी गमावतो. मातृभाषा व शिकावयाची भाषा यांच्या मधल्या अवस्थेतील या विद्यार्थिभाषेचे स्वतंत्र स्वरूप लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये विशद केले. विद्यापीठीय अभ्यासक्रमात ध्वनिविचार, व्याकरण, भाषाग्रहण, पाठ्यक्रमरचना व परीक्षणतंत्र यांचा सामान्यतः अंतर्भाव असतो. भारतात म्हैसूर येथे १९६९ मध्ये भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. त्याच्या पुण्यातील केंद्रात अन्यभाषक शिक्षकांना मराठी शिकविली जाते.