लिनक्सवरचा अबोल संगणक : ध्वनिदोष शोधण्याच्या पद्धतींचा इतिहास

लिनक्स ही प्रणाली चालवणाऱ्या संगणकातून आवाज न येणे ही तक्रार त्या प्रणालीइतकीच जुनी आहे. तिचे कारण मात्र दर काही वर्षांनी बदलत गेले, आणि कारण बदलल्यानंतरही आधीच्या काळातले उपाय वापरकर्त्यांच्या हातून सुटले नाहीत. त्यामुळे दोष शोधण्याच्या आजच्या रूढ पद्धतीत किमान चार वेगवेगळ्या कालखंडांचे थर एकमेकांवर चढलेले दिसतात, आणि त्यांतला कोणता थर कोणत्या काळाचा हे ओळखता न आल्यास जुना उपायच नव्या बिघाडाचे कारण ठरतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकी येथे लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्र आणि कार्यक्रम यांच्यामधला प्रणालीचा गाभा, प्रथम प्रसिद्ध केला. त्या काळी सामान्य संगणकात सूचनेची शिट्टी वाजवण्यापुरताच एक छोटा भोंगा असे. संगीत ऐकायचे तर साउंड कार्ड वेगळे विकत घेऊन बसवावे लागे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणलेले साउंड ब्लास्टर हे त्यांतले सर्वांत प्रचलित कार्ड, आणि त्याच्यासाठी लिनक्सवरचा ड्रायव्हर हानू सावोलाइनेन या फिनलंडच्याच प्रोग्रॅमरने १९९२ च्या सुमारास लिहिला. पुढे ओपन साउंड सिस्टीम, संक्षेपाने ओएसएस, या नावाने ओळखल्या गेलेल्या ध्वनिव्यवस्थेचे मूळ या ड्रायव्हरमध्ये आहे.

या काळातला दोष बहुधा पत्त्याचा असे. कार्ड कोणत्या पोर्टवर बोलते (साउंड ब्लास्टरसाठी सहसा २२०), प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी कोणती इंटरप्ट रेषा वापरते (५ किंवा ७) आणि ध्वनीची माहिती स्मृतीतून थेट उचलण्यासाठी कोणता डीएमए मार्ग वापरते (सहसा १), ही तीन मूल्ये कार्डावरच्या जंपर नावाच्या पिनांवर एकदा आणि कर्नल संकलित करताना पुन्हा एकदा, अशी दोन ठिकाणी तंतोतंत जुळवावी लागत. सातवी इंटरप्ट रेषा परंपरेने प्रिंटरच्या पोर्टची असल्यामुळे तिथे संघर्ष होई. इंटरप्ट चुकला की आवाज पूर्ण बंद न पडता त्याचा पहिलाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राही, आणि या लक्षणावरून जाणकार माणूस कोणते मूल्य चुकले आहे ते ऐकूनच सांगू शके. पुढे रेड हॅट या कंपनीने साउंडकॉन्फिग नावाचे छोटे साधन दिले. जुळणी साधली की ते साधन टोरवाल्ड्स यांच्याच आवाजातला, लिनक्स या नावाचा उच्चार करून दाखवणारा ध्वनिनमुना वाजवी. चाचणीसाठी प्रणालीच्या जनकाचाच आवाज वापरण्याची ही कल्पना गमतीची होती, यात शंका नाही.

ओएसएसची दुसरी मर्यादा अधिक त्रासदायक होती. तिच्या रचनेत साउंड कार्ड ही डीएसपी नावाची एक साधन-फाइल असे, आणि बहुतेक कार्डांवर ती एका वेळी एकच कार्यक्रम उघडू शके. गाणे लावणाऱ्या कार्यक्रमाने ती धरून ठेवली की दुसऱ्याच्या वाट्याला ‘साधन व्यग्र आहे’ एवढाच निरोप येई. यावर तोडगा म्हणून ध्वनिसर्व्हर निघाले. अनेक कार्यक्रमांचे आवाज एकत्र मिसळून कार्डाकडे पाठवणे हे त्यांचे काम. पण ग्नोम या डेस्कटॉपने ईसाउंड स्वीकारला, केडीईने आर्ट्स, आणि दोन्ही कुळांतले कार्यक्रम एकाच संगणकावर चालू लागले की दोन सर्व्हर एका कार्डासाठी भांडू लागले. साधन-फाइल कोणी धरली आहे हे फ्यूझर या आज्ञेने पाहायचे आणि त्या प्रक्रियेला मारून टाकायचे, ही रीत तेव्हा पडली.

दरम्यान ओएसएसची अधिक सक्षम आवृत्ती एका कंपनीमार्फत पैसे घेऊन विकली जात होती आणि कर्नलमधली मुक्त आवृत्ती मागे पडत होती. याच सुमारास, १९९८ मध्ये, चेक प्रजासत्ताकातील यारोस्लाव किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी स्वतंत्र ड्रायव्हर लिहिण्यापासून सुरुवात केली आणि त्यातून अल्सा ही नवी ध्वनिव्यवस्था उभी राहिली. डिसेंबर २००३ च्या २.६ या कर्नलमध्ये ती ओएसएसच्या जागी अधिकृत झाली. स्पीकरला किंवा कानाला अचानक धक्का बसू नये म्हणून अल्साने कार्डावरचे सर्व ध्वनिमार्ग आरंभी म्यूट ठेवण्याचा नियम केला. हेतू चांगला असला तरी परिणाम असा झाला, की ड्रायव्हर अचूक, कार्ड अचूक आणि तरीही संगणक गप्प, ही नव्या वापरकर्त्याची पहिली ओळख ठरली. अल्सामिक्सर उघडून पट्टीखालची ‘एमएम’ ही खूण एम कळ दाबून घालवणे हा म्हणूनच या विषयातला सर्वाधिक सांगितला गेलेला उपाय असावा. त्यालाही अपवाद होता. साउंड ब्लास्टर लाइव्ह कार्डावर ॲनालॉग की डिजिटल निर्गम (आउटपुट) हे ठरवणारा एक स्विच त्याच यादीत दिसे, आणि सगळेच मार्ग उघडण्याच्या भरात तो चालू झाला की साध्या स्पीकरचा आवाज जाई. तो परत आणण्यासाठी तेवढा एक स्विच म्यूट करावा लागे.

इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या एचडी ऑडिओ या मानकाने दोषाची जागा पुन्हा हलवली. एव्हाना ध्वनीची चिप मदरबोर्डवरच असे; तिच्या कोणत्या पिनेला स्पीकर जोडला आहे आणि कोणत्या पिनेला हेडफोन, याची नोंद संगणकाच्या बायोसमध्ये उत्पादकाने करायची असे. अनेक उत्पादकांनी ही नोंद चुकीची ठेवली, कारण विंडोजसाठी दिलेला त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर ती चूक परस्पर सुधारून घेत असे. लिनक्सला मात्र बायोसवर विश्वास ठेवावा लागे. परिणामी सूझे कंपनीतील ताकाशी इवाई आणि त्यांचे सहकारी एकेका लॅपटॉपसाठी एकेक दुरुस्ती कर्नलमध्ये घालत राहिले, आणि रियलटेक चिपांची एकच फाइल दहा हजारांहून अधिक ओळींची झाली. त्या फाइलमधल्या बहुतेक ओळी दुसऱ्यांच्या निष्काळजीपणाच्या नोंदी होत्या, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

लेनार्ट पॉटरिंग यांनी २००४ मध्ये आरंभलेला पल्सऑडिओ हा ध्वनिसर्व्हर नोव्हेंबर २००७ मध्ये फेडोरा ८ या लिनक्स वितरणाने आणि एप्रिल २००८ मध्ये उबुंटू ८.०४ ने पूर्वनिर्धारित म्हणून स्वीकारला. त्याची वेळ सांभाळण्याची पद्धत ड्रायव्हरकडून अशा अचूकतेची अपेक्षा करी, जी तोवर कोणी तपासलीच नव्हती. त्यामुळे ड्रायव्हरमधले लपलेले दोष उघडे पडले आणि दूषण सर्व्हरला मिळाले. उबुंटूने तो अपुऱ्या जुळणीनिशी घाईने आणला, हेही खरे. आवाज कोणत्या निर्गमाने जावा हा निर्णय आता सर्व्हर घेऊ लागला, आणि एखाद्या कार्यक्रमाचा आवाज एकदा एचडीएमआय तारेने मॉनिटरकडे वळवला की ती निवड तो पुढेही लक्षात ठेवी, मग त्या मॉनिटरला स्पीकर असो वा नसो. कार्ड सापडले नाही तर ‘डमी आउटपुट’, म्हणजे नावापुरता निर्गम, दाखवला जाई. वापरकर्त्याला ‘ऑडिओ’ गटात घालावे हा ओएसएसच्या काळातला सल्ला याच वेळी अपायकारक ठरला. कार्ड कोणी वापरायचे हे आता समोर बसलेल्या व्यक्तीच्या लॉगइनवरून ठरत होते, आणि गटातल्या दुसऱ्या वापरकर्त्याचा सर्व्हर मागे राहून कार्ड अडवून ठेवू शके.

या मौनाची खरी किंमत दृष्टिहीन वापरकर्त्यांना मोजावी लागते. पडद्यावरचा मजकूर ऑर्का हा कार्यक्रम ईस्पीकसारख्या वाचायंत्रणेकरवी बोलून दाखवतो, आणि ईस्पीकला मराठीही येते. पण ध्वनिव्यवस्था बंद पडली की दोष शोधण्यासाठी लागणारा पडदाच नाहीसा होतो. दोषनिवारणाच्या मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांनी या वर्गाचा विचार फारसा केलेला नाही.

रेड हॅटमधील विम टेमन्स यांचा पाइपवायर हा नवा सर्व्हर एप्रिल २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये उबुंटू २२.१० ने स्वीकारला. तो पल्सऑडिओचीच भाषा बोलत असल्यामुळे कार्यक्रमांना बदल जाणवत नाही, परंतु पल्सऑडिओ पुन्हा सुरू करण्याची जुनी आज्ञा त्याच्यावर चालत नाही. दोन्ही सर्व्हर एकत्र राहिले तर जुन्या ईसाउंड-आर्ट्सच्या भांडणाची पुनरावृत्ती होते. अनेक नव्या लॅपटॉपांत ध्वनीसाठी वेगळा प्रोसेसर असतो आणि त्याला साउंड ओपन फर्मवेअर ही फाइल सुरुवातीलाच पुरवावी लागते. ती नसेल तर कार्डच दिसत नाही, आणि डेबियनने अशा फाइली आपल्या अधिकृत स्थापना-माध्यमात जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासूनच घातल्या.

म्हणून आज संगणक गप्प झाला तर प्रथम ए-प्ले या आज्ञेने कर्नलला कार्ड दिसते का ते पाहावे, मग डब्ल्यूपी-सीटीएल या साधनाने आवाज कोणत्या निर्गमाकडे वळला आहे ते पाहावे, आणि अल्सामिक्सरकडे त्यानंतर वळावे. आणि कोणताही सल्ला अमलात आणण्यापूर्वी तो कोणत्या सालचा आहे हे तपासून घ्यावे.