काढता येतं म्हणून बसवावं

कशेळीचा खाडीपूल ओलांडून भिवंडीच्या वाटेला लागलं की गोदामांमागून गोदामं येतात. मुंबईच्या जकातीबाहेर पण मुंबईच्या हाताशी, हे इथे माल थांबण्याचं एक मोठं कारण होतं. २०१७ साली जकात गेली, गोदामं राहिली. त्यांचा सगळा कारभार आवक-जावक नोंदीवर चालतो. माल कुठल्या रॅकवर ठेवला हे लिहिलं नाही, तर तो आत घेता येतो, पण वेळेला बाहेर काढता येत नाही.

सुरुवातीच्या लिनक्सची नेमकी हीच अडचण होती. टारचा गठ्ठा सोडायचा, 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' चालवायचं, की सॉफ्टवेअर बसलं. पण फायली पांगल्या कुठे, याची नोंद नसे. काढायची वेळ आली की एकेक फाइल हुडकत बसा. विकतच्या युनिक्समध्ये बसवायला 'पीकेजीॲड' आणि काढायला 'पीकेजीआरएम' होते. फुकटच्या लिनक्सवाल्याला ती सोय नव्हती. पॅकेज मॅनेजर जन्मला तो बसवण्यापेक्षा काढण्याच्या अडचणीतून, असं माझं ठाम मत आहे.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक याने डेबियन या लिनक्स वितरणाची घोषणा केली. तेव्हाच्या 'एसएलएस' वितरणातल्या चुकांना तो वैतागला होता. पुढच्या वर्षी डेबियनचं पॅकेज बसवणारं-काढणारं 'डीपीकेजी' आलं. आधी शेल स्क्रिप्ट, मग पर्ल, आणि नंतर इयन जॅक्सनने त्याचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला. १९९५ साली रेड हॅटने आपलं 'आरपीएम' आणलं.

डेबियनचं पॅकेज म्हणजे डेब फाइल. ती सोडून पाहिली की आत तीनच वस्तू निघतात. पहिल्या चिमुकल्या फाइलीत फक्त '२.०' एवढंच लिहिलेलं असतं. दुसऱ्या गठ्ठ्यात नाव, आवृत्ती आणि आधी काय काय बसलेलं हवं याची माहिती. तिसऱ्यात प्रत्यक्ष माल. बसवताना प्रत्येक फाइलीचा पत्ता एका साध्या मजकुराच्या यादीत उतरतो. ती यादी कुणालाही उघडून वाचता येते. काढताना डीपीकेजी हीच यादी हातात धरून चालतं. इतका साधा उपाय इतकी वर्षं टिकला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

डीपीकेजीला एक मर्यादा होती. सोबतचं पॅकेज नसलं की ते तक्रार करून थांबे; स्वतः आणून देत नसे. ते काम 'एपीटी'ने उचललं. १९९८ साली ते आलं आणि मार्च १९९९ मधल्या डेबियन २.१ बरोबर घरोघरी पोचलं. आज सगळे वापरतात ती 'ॲप्ट' ही सुटसुटीत आज्ञा मात्र २०१४ची. सी-डॅकने २००७ साली आणलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवरच उभी आहे, म्हणजे तिच्याही पोटात हेच यंत्र आहे.

'रिमूव्ह' म्हटलं की प्रोग्राम जातो, पण तुम्ही हाताने बदललेल्या सेटिंगच्या फायली मुद्दाम ठेवल्या जातात; उद्या तेच पॅकेज परत बसवलं तर मेहनत वाया जाऊ नये म्हणून. त्याही घालवायच्या तर 'पर्ज'.

आज आपल्या डेबियन मशीनवर 'डीपीकेजी -एल' चालवून बघा. ज्या ओळींपुढे 'आरसी' दिसेल, तिथला प्रोग्राम गेलाय आणि सेटिंग उरलंय. नको असेल ते पर्ज करा. आणि आता कुणालाच न लागणारी पॅकेजं काढणारी 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा चालवताना समोर आलेली यादी पूर्ण वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका.