इंडोनेशियन भाषेतील क्रियापदरचना

1945च्या राज्यघटनेने इंडोनेशियाची राजभाषा ठरलेल्या बहासा इंडोनेशियात क्रियापद काळ, पुरुष, लिंग वा वचनाप्रमाणे बदलत नाही. ‘लिहितो’, ‘लिहिते’, ‘लिहिले’ या तिन्हींसाठी ‘मेनुलिस’ एकच. काळ सांगायचाच तर ‘सुदाह’ (झाले), ‘आकान’ (होणार) असे सुटे शब्द आधी येतात. यावरून ही भाषा व्याकरणाला फारच सोपी, असा समज पसरला आहे. तो खरा नाही. कृती मुद्दाम केली, नकळत घडली की अंगावर आली, हे तिथे उपसर्ग-प्रत्यय सांगतात.

कर्तरी प्रयोगाचा उपसर्ग ‘मे-’ बहुधा धातूच्या पहिल्या वर्णाला जुळणारे अनुनासिक घेतो : बाचा (वाचणे) – मेम्बाचा, देङार (ऐकणे) – मेन्देङार. धातूच्या आरंभी प, त, क, स असल्यास तो वर्णच सहसा गळतो : तुलिस – मेनुलिस, किरिम (पाठवणे) – मेङिरिम, सापु (झाडणे) – मेन्यापु. शब्दकोश धातूंनुसार लावलेले असतात, त्यामुळे नवशिक्याची खरी कसोटी इथे लागते. ‘मेङुकुर’ हे ‘उकुर’ (मोजणे) आणि ‘कुकुर’ (नारळ खवणे) या दोन्हींचे रूप आहे. उलट ‘काजी’ या एकाच धातूची दोन रूपे रूढ झाली : ‘मेङाजी’ म्हणजे कुराणपठण, तर ‘क’ राखलेले ‘मेङ्काजी’ म्हणजे चिकित्सक अभ्यास.

कर्मणीत ‘दि-’ येतो : दितुलिस. मात्र कर्ता ‘मी’ किंवा ‘तू’ असेल तर उपसर्गाऐवजी सर्वनामच धातूला भिडते : ‘सुरात इतू साया तुलिस’ (ते पत्र मी लिहिले).

सर्वांत बोलका ‘तेर्-’. तिदुर म्हणजे झोपणे, तेर्तिदुर म्हणजे नकळत डोळा लागणे. हुजान (पाऊस) या नामाला दोन्ही बाजूंनी ‘के-…-आन’ लागले, की केहुजानान : पावसात सापडणे. ‘बेर्-’ नामांचीही क्रियापदे करतो : सेपेदा (सायकल) – बेर्सेपेदा. संस्कृत ‘विचार’पासून आलेल्या ‘बिचारा’चे बेर्बिचारा (बोलणे) होते, ‘-कान’ जोडून मेम्बिचाराकान केले, की चर्चेला विषय लागतो. ‘-कान’ व ‘-इ’ यांतील फरक ‘दुदुक’ (बसणे) या धातूत स्वच्छ दिसतो : मेन्दुदुक्कान म्हणजे बसवणे, मेन्दुदुकी म्हणजे जागा व्यापणे, प्रदेश ताब्यात घेणे.

जाकार्ताच्या बोलीत या दोन्ही प्रत्ययांची जागा ‘-इन’ घेतो. ‘मे’ही गळतो, पण अनुनासिक टिकते : नुलिस, ङिरिम, न्यापु.