आपत्तीग्रस्तांसाठी धावायचंय? चॅरिटी रनचे पैसे नेमके कुठे जातात, ते समजून घ्या

उरणच्या मोरा बंदरावरून मुंबईला रोज ये-जा करणाऱ्यांना समुद्राचं वेळापत्रक पाठ असतं. मोठी ओहोटी असली की बंदरात साचलेल्या गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही आणि मोरा ते भाऊचा धक्का ही वाहतूक काही तास थांबते. पावसाळ्यात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की तीच गत. एरवीच्या दिवशी ही फक्त गैरसोय असते. आपत्ती आली की असे तुटलेले रस्ते आणि बंद पडलेली वाहतूक माणसांच्या जिवावर बेततात.

मोरा ज्या रायगड जिल्ह्यात येतं, त्या जिल्ह्याने अलीकडच्या काही वर्षांत हे दोनदा पाहिलं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक लोकांचा जीव गेला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी मातीखाली गेली. तिथे २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता, त्यामुळे जेसीबी नेता आला नाही. जवान, गिर्यारोहक आणि आसपासच्या गावांतले तरुण भर पावसात डोंगर चढून गेले आणि कुदळ-फावड्यांनी माती उपसत राहिले.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर मोबाईलवर मदतीची आवाहनं येतात. त्यातलंच एक म्हणजे ‘चॅरिटी रन’. टी-शर्ट घाला, पाच किंवा दहा किलोमीटर धावा, पैसे आपत्तीग्रस्तांना जातील. पण हे पैसे नेमके कसे जमा होतात? त्यातले किती पोहोचतात? आणि नाव नोंदवण्याआधी काय तपासायचं?

ही कल्पना आली कुठून?

चांगल्या कामासाठी धावण्याची पद्धत जुनी आहे. मात्र आपत्तीग्रस्तांसाठी जगभर एकाच दिवशी धावण्याचं सर्वात मोठं उदाहरण १९८६ चं आहे. आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठी २५ मे १९८६ रोजी ‘रेस अगेन्स्ट टाइम’ नावाची १० किलोमीटरची दौड ८९ देशांत झाली. जवळपास दोन कोटी लोक त्यात उतरले होते. सुदानचा धावपटू ओमर खलिफा निर्वासितांच्या छावणीतून पेटवलेली मशाल घेऊन युरोपमार्गे न्यूयॉर्कला पोहोचला. दोनच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांची आफ्रिकेवरची विशेष बैठक सुरू होणार होती, त्यामुळे ही वेळ मुद्दाम निवडलेली होती. या उपक्रमातून तीन कोटी डॉलरहून अधिक निधी उभा राहिला.

लंडन मॅरेथॉन १९८१ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या धावपटूंनी आजवर वेगवेगळ्या संस्थांसाठी १०० कोटी पौंडांहून जास्त रक्कम जमवली आहे. जपानमध्ये १९९५ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या कोबे शहराने २०११ मध्ये स्वतःची मॅरेथॉन सुरू केली, ती पुन्हा उभं राहायला मदत करणाऱ्यांचे आभार मानण्यासाठी.

आपल्याकडे हे रूप रुजलं ते मुंबई मॅरेथॉनमुळे. पहिली स्पर्धा १५ फेब्रुवारी २००४ ला झाली. आता ती दर जानेवारीत होते आणि तिच्या निधी संकलनाचं काम २००९ पासून ‘युनायटेड वे मुंबई’ ही संस्था पाहते. सुरुवातीपासूनच्या सगळ्या वर्षांचा मिळून ४०० कोटी रुपयांहून अधिक निधी या स्पर्धेतून उभा राहिला आहे. हे पैसे शिक्षण, आरोग्य, दिव्यांगांसाठीचं काम, प्राणी, पर्यावरण अशा अनेक विषयांवर काम करणाऱ्या संस्थांना जातात.

धावणाऱ्याचे पैसे गरजूंपर्यंत जातात कसे?

ढोबळमानाने तीन पद्धती आहेत.

पहिली, नोंदणी शुल्कातला वाटा. आयोजक शुल्कातून खर्च भागवतात आणि उरलेली रक्कम मदतनिधीला देतात. इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतो. समजा, शुल्क १,००० रुपये आहे. टी-शर्ट, पदक, बिब, वेळ मोजणारी चिप, पाणी, रुग्णवाहिका, मंडप आणि नाश्ता यावर ८०० रुपये खर्च झाले, तर मदतीला २०० रुपयेच उरतात. यात फसवणूक नाही, पण ‘मी हजार रुपये दान केले’ हेही खरं नाही. प्रायोजकाने सगळा खर्च उचलला असेल तर मात्र पूर्ण शुल्क निधीत जाऊ शकतं.

दुसरी पद्धत म्हणजे धावणाऱ्याने स्वतः निधी जमवणं. तुम्ही एक संस्था निवडता, तिच्यासाठी ऑनलाइन पान तयार करता आणि नातेवाईक, मित्र, ऑफिसमधले सहकारी यांना सांगता की मी या कारणासाठी २१ किलोमीटर धावतोय, तुम्ही पैसे द्या. इथे दानाची रक्कम थेट संस्थेच्या खात्यात जाते आणि देणाऱ्याच्या नावाने पावती मिळते. मोठ्या स्पर्धांमध्ये ‘चॅरिटी बिब’ असतात. सर्वसाधारण नोंदणीच्या जागा संपल्या तरी ठरावीक रक्कम दान करून किंवा जमवून धावण्याची जागा मिळते.

तिसरी पद्धत कंपन्यांची. कंपनी कर्मचाऱ्यांचा संघ उतरवते आणि त्या बदल्यात निवडलेल्या संस्थेला ठरलेली रक्कम देते.

या तिन्हींत दुसरी पद्धत हौशी धावपटूसाठी सगळ्यात परिणामकारक ठरते. तुम्ही एकट्याने ५०० रुपये देण्यापेक्षा ३० ओळखीच्यांनी प्रत्येकी ५०० रुपये दिले, तर १५,००० रुपये होतात. त्यासाठी तुमचा धावण्याचा वेग महत्त्वाचा नसतो.

पण सरकार मदत करतंच ना?

करतं. आपत्तीनंतरची पहिली जबाबदारी सरकारचीच आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर आपत्ती प्रतिसाद निधी आहेत. महाराष्ट्रासारख्या राज्यांत राज्य निधीतला ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. नैसर्गिक आपत्तीत मृत्यू झाल्यास कुटुंबाला या निधीतून चार लाख रुपये देण्याची तरतूद आहे.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. ‘एनडीआरएफ’ या नावाने दोन गोष्टी ओळखल्या जातात. एक म्हणजे भगव्या गणवेशातलं बचाव दल, ज्याची महाराष्ट्रातली तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबरे इथे आहे. दुसरा म्हणजे केंद्राचा निधी. बचाव दलाचा पगार आणि साहित्य सरकारी खर्चाने चालतं. त्यामुळे एखादी दौड ‘एनडीआरएफच्या जवानांच्या पगारासाठी’ पैसे मागत असेल, तर तिथेच शंका घ्या.

रकमांचा आकारही लक्षात घ्यायला हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर परिसरात महापूर आला, तेव्हा राज्य सरकारने सुमारे ३१,६०० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं होतं. राज्यातल्या सगळ्या दौडी एकत्र केल्या तरी त्या आकड्याच्या जवळपासही जाणार नाहीत.

मग धावण्याचा उपयोग काय? सरकारी मदत नियमात बसावी लागते, पंचनामा व्हावा लागतो, कागदपत्रं लागतात. पुरात वाहून गेलेली वह्या-पुस्तकं, शिलाई मशीन, मासेमारीची जाळी, शाळेची फी, आई-वडील गमावलेल्या मुलांचं वसतिगृह अशा अनेक गरजा त्या चौकटीत नीट बसत नाहीत किंवा उशिरा बसतात. स्थानिक संस्था ही फट भरून काढतात आणि त्यांना रोख पैसे लागतात.

वेळेचाही प्रश्न आहे. दुर्घटनेनंतरच्या पहिल्या आठवड्यात बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि जुने कपडे यांचा ढीग लागतो. सहा महिन्यांनी कॅमेरे गेलेले असतात आणि कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात असतात. इर्शाळवाडीतल्या वाचलेल्यांना आधी कंटेनरच्या घरांत राहावं लागलं, सिडकोने बांधलेली पक्की घरं नंतर मिळाली. दौड आयोजित करायला तसेही दोन-चार महिने लागतात. त्यामुळे चॅरिटी रनचा पैसा तातडीच्या बचावापेक्षा पुनर्वसनासाठी जास्त उपयोगी पडतो.

धावू नये, अशी वेळ असते का?

असते. ऑक्टोबर २०१२ च्या शेवटी ‘सँडी’ चक्रीवादळाने न्यूयॉर्कला झोडपलं. शहराची मॅरेथॉन ४ नोव्हेंबरला होती. घरांत वीज नसताना स्पर्धेच्या तंबूंसाठी जनरेटर लावलेले पाहून लोक संतापले. स्पर्धा होणारच, असं म्हणणाऱ्या महापौरांना दोन दिवस आधी ती रद्द करावी लागली. पण शर्यत जिथून सुरू होणार होती, त्याच स्टेटन आयलंडवर शेकडो धावपटू रविवारी पोहोचले. पाठीवरच्या पिशव्यांत मदतीचं सामान भरून ते घरोघरी धावले.

यातून आयोजकांनी घेण्यासारखा धडा साधा आहे. ज्या भागात आपत्ती आली आहे, तिथले पोलीस, रुग्णवाहिका, रस्ते आणि पाणी यांची गरज संपल्याशिवाय तिथे दौड घेऊ नये.

पैसे देण्याआधी या पाच गोष्टी तपासा

१. निधी कोणाला मिळणार? फक्त ‘पूरग्रस्तांसाठी’ असं लिहिलेलं पुरेसं नाही. संस्थेचं किंवा निधीचं पूर्ण नाव हवं.

२. किती रक्कम जाणार? ‘नफ्यातला काही भाग’ आणि ‘प्रत्येक नोंदणीमागे २०० रुपये’ यात खूप फरक आहे. दुसरं वाक्य नंतर मोजून पाहता येतं.

३. खातं कोणाचं? क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दिसणारं नाव संस्थेचं आहे की एखाद्या व्यक्तीचं, ते पैसे पाठवण्याआधी वाचा.

४. परवानगी आहे का? संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर तिचा नोंदणी क्रमांक विचारा. नोंदणी नसलेल्या मंडळाला किंवा गटाला वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क चा मार्ग आहे. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी जी परवानगी घेतात, ती हीच.

५. हिशेब कधी देणार? दौडीनंतर किती जमले, किती खर्च झाले आणि किती दिले, हे जाहीर करण्याची तारीख आयोजकांनी आधीच सांगायला हवी.

कर सवलतीबद्दलही नीट समजून घ्या. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला दिलेल्या देणगीवर पूर्ण वजावट मिळते. ८०-जी मान्यता असलेल्या बहुतेक खासगी संस्थांच्या बाबतीत ती ५० टक्के असते आणि तिला उत्पन्नाशी जोडलेली मर्यादा असते. हे सगळं जुन्या कररचनेतच लागू होतं. २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने दिली तर वजावट मिळत नाही. आणि टी-शर्ट, पदक, नाश्ता यासाठी भरलेलं नोंदणी शुल्क म्हणजे देणगी नव्हे.

पहिल्यांदाच धावणार असाल तर

कारण कितीही चांगलं असलं तरी शरीराला तयारी लागते. एरवी चालण्याचीही सवय नसेल तर १० किलोमीटरसाठी किमान दोन ते तीन महिने हाताशी ठेवा. आठवड्यातून तीन-चार दिवस, आधी चालणं, मग चालता-चालता थोडं धावणं. धावताना शेजारच्याशी बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग कमी करा.

किनारपट्टीवर घाम लवकर सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड व्हायला वेळ लागतो. म्हणून सराव पहाटे करा. तहान लागेल तसं पाणी प्या. लांब अंतरात नुसतं पाणीच ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकतं, त्यामुळे मीठ-साखरेचं पाणीही ठेवा.

मोरा-उरण परिसरात राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. जेएनपीए बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कंटेनर ट्रेलरची वर्दळ असते. अंधारात त्या रस्त्यांवर सराव टाळा. रस्त्याने धावायचंच असेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने धावा आणि चमकणारी पट्टी असलेला टी-शर्ट घाला. पिरवाडीची चौपाटी सुरक्षित वाटते, पण मऊ वाळूत पोटऱ्यांवर ताण येतो. सुरुवातीला ओहोटीनंतरच्या घट्ट वाळूवर थोडंच अंतर धावा.

मुंबई मॅरेथॉनसारख्या स्पर्धेत पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते. त्या वेळेला पोहोचायचं तर पहाटेच्या लाँचवर भरवसा ठेवून चालत नाही. आदल्या दिवशीच मुंबई गाठावी किंवा अटल सेतूमार्गे गाडीची सोय करावी.

छातीत दुखणं, चक्कर येणं, अचानक थंड घाम फुटणं यापैकी काहीही झालं तर लगेच थांबा आणि वैद्यकीय मदत मागा. चाळिशी ओलांडली असेल किंवा रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. इर्शाळवाडीच्या मदतीसाठी डोंगर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला होता. ते तिथे कर्तव्य बजावत होते, त्यांना थांबण्याचा पर्याय नव्हता. दौडीत तो असतो.

थोडक्यात

चॅरिटी रनने दरड थांबत नाही आणि सरकारची जबाबदारीही कमी होत नाही. पण योग्य संस्था निवडली, तिचं खातं तपासलं आणि ओळखीच्या तीस-चाळीस जणांना सोबत घेतलं, तर एखाद्या मुलीची वर्षाची फी किंवा एखाद्या मच्छीमाराचं जाळं नक्की उभं राहतं. पदक घरी आणल्यानंतर एक काम मात्र विसरू नका. महिन्याभराने आयोजकांना मेसेज करून विचारा, ‘पैसे पोहोचले का?’ उत्तर आलं, तर तेही त्या तीस-चाळीस जणांना पाठवा.