गुप्त हुकुमाची गोष्ट

दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या पत्राची गुप्तता कितपत टिकते, हा प्रश्न टपालाइतकाच जुना आहे. १८४४ सालीं लंडनमध्यें राहणाऱ्या माझिनी या इटालियन देशभक्तास आपलीं पत्रें वाटेंत फोडलीं जातात असा संशय आला. पाकिटांत खसखशीचे दाणे घालण्याची युक्ति योजून त्यानें खात्री करून घेतली. गृहमंत्र्याच्या आज्ञेनेंच तें चाललें होतें, हें उघडकीस येतांच पार्लमेंटांत मोठें वादळ उठलें.

पुढें १६६ वर्षांनीं हाच प्रश्न अमेरिकेंत नव्या वेषांत उभा राहिला. ट्विटर ही २००६ सालीं सुरू झालेली कंपनी. २०२३ सालीं तिचें नांव एक्स झालें. तिच्या द्वारें लोक इंटरनेटवरून लहान लहान संदेश प्रसृत करीत. २०१० सालीं विकीलीक्स या संस्थेनें अमेरिकेचे गुप्त लष्करी व राजनैतिक कागद प्रसिद्ध केले. त्याची चौकशी चालू असतां, १४ डिसेंबर २०१० रोजीं व्हर्जिनियांतील संघीय न्यायालयानें ट्विटरला हुकूम दिला कीं, विकीलीक्सशीं संबंध असलेल्या कांहीं व्यक्तींच्या खात्यांची माहिती सरकारच्या हवालीं करावी. संदेशांतील मजकूर नव्हे, तर नांव, पत्ता, खातें केव्हां व कोणत्या संगणकीय पत्त्यावरून वापरलें, अशा नोंदी हव्या होत्या. त्या व्यक्तींत बिर्गिटा योन्सडोट्टिर या आइसलंडच्या पार्लमेंटच्या सभासद होत्या. हुकुमास आधार १९८६ सालच्या कायद्याचा होता. त्यान्वयें अशा नोंदींसाठीं झडतीच्या वॉरंटाइतका सबळ पुरावा दाखवावा लागत नाहीं.

हुकुमांतील दुसरी अट याहून जाचक होती. या मागणीविषयीं कोणास एक शब्दही कळवूं नये, अशी ताकीद होती. ज्यास मागणीच ठाऊक नाहीं, तो हरकत घेणार कशी? कंपनी निमूटपणें माहिती देऊन मोकळी झाली असती, तर कायद्याचा भंग झाला नसता. परंतु तिनें ती बंदी उठविण्याचा आग्रह धरला. ५ जानेवारी २०११ रोजीं न्यायालयानें परवानगी दिली, व कंपनीनें संबंधितांस सूचना धाडल्या. आइसलंडनें अमेरिकेच्या राजदूतास पाचारण करून जाब विचारला. बिर्गिटाबाई, अमेरिकेचे जेकब ॲपलबॉम आणि हॉलंडचे रॉप गोंग्राइप या तिघांनीं न्यायालयांत हरकत घेतली.

ते हरले. १० नोव्हेंबर २०११ रोजीं न्यायाधीश लायम ओग्रेडी यांनीं हुकूम कायम केला. जो कंपनीची सेवा वापरतो तो आपला संगणकीय पत्ता आपखुषीनें तिला देतो. सबब त्यावर गुप्ततेचा हक्क सांगतां येत नाहीं, असा निकालाचा आशय होता.

मग या खटपटीनें साधलें काय? माहिती गेली, पण चोरपावलांनीं गेली नाहीं. सरकारें किती वेळां माहिती मागतात व किती वेळां ती दिली जाते, याचे आकडे छापण्याची प्रथा गूगलनें २०१० सालीं पाडलीच होती. ट्विटरनें जुलै २०१२ मध्यें व फेसबुकनें ऑगस्ट २०१३ मध्यें तिचें अनुकरण केलें. मागण्या त्यामुळें थांबल्या नाहींत, आणि गुन्ह्याचा माग काढणाऱ्या सरकारास नोंदींची गरज पडते, हेंही खरें. परंतु माझिनीस खसखशीच्या दाण्यांवर विसंबावें लागलें, बिर्गिटाबाईंस सूचना मिळाली. फरक काय तो एवढाच. पण न्यायालयाचें दार ठोठावतां येणें वा न येणें याच फरकावर अवलंबून असतें.