काळाची रेघ

काळ डोळ्यांस दिसत नाहीं. त्याची रेघ मात्र दिसते. आज कोणत्याहि कचेरींत जावें, तों संगणकाच्या पडद्यावर स्प्रेडशीट उघडलेली असते. डावीकडे कामांची नांवें, वर तारखा, आणि मध्यें लहानमोठ्या रंगीत पट्ट्या आडव्या पसरलेल्या. कोणतें काम केव्हां सुरू व्हावयाचें व केव्हां संपावयाचें, हें एका दृष्टिक्षेपांत कळतें. ही युक्ति इतकी सोपी वाटते कीं, तिला कांहीं इतिहास असेल असें मनांतहि येत नाहीं. परंतु तो आहे; आणि त्याचा विसर पडल्यामुळें आपण कांहींतरी गमावलें आहे, असें आमचें मत आहे.

आपल्याकडे शकावली होती. १९१६ सालीं टिळकांनीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीचे उपकार मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊकच आहेत. पण शकावली म्हणजे तिथींची माळ. दोन मण्यांमधील अंतर ती डोळ्यांस दाखवीत नाहीं. तें दाखविण्याचा मोठा प्रयत्न १७६५ सालीं इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टले यानें केला. प्राणवायूच्या शोधासाठीं पुढें प्रसिद्धीस आलेला हा गृहस्थ त्या वेळीं वॉरिंग्टन येथें अध्यापक होता. ख्रिस्तपूर्व १२०० पासून इ. स. १८०० पर्यंतचा काळ डावीकडून उजवीकडे मांडून त्यानें सुमारें दोन हजार नामवंतांच्या आयुष्यांचा तक्ता काढला. प्रत्येक आयुष्य म्हणजे एक आडवी रेघ. कोण कोणाचा समकालीन, हें विद्यार्थ्यास पाठांतरावांचून कळूं लागलें. त्यांत आणखी एक बारीक गोष्ट होती: ज्याच्या जन्माचें वा मृत्यूचें वर्ष निश्चित नव्हतें, त्याच्या रेघेस प्रीस्टलेनें टिंबें दिलीं. संशय झांकून न ठेवतां त्यानें तो चित्रांतच नोंदविला.

गेलेल्या काळाची ही रेघ येणाऱ्या काळास लावण्याचें काम कारखान्यांत झालें. पोलिश अभियंता कारोल आदामिएत्स्की यानें १८९६ च्या सुमारास ‘हार्मोनोग्राम’ तयार केला. पण त्याचें लेखन इंग्रजींत नसल्यामुळें कीर्ति दुसऱ्याच्या वाट्यास गेली. तो दुसरा म्हणजे अमेरिकेचा हेन्री गँट (१८६१–१९१९), फ्रेडरिक टेलरचा एके काळचा सहकारी. पहिल्या महायुद्धांत शस्त्रांच्या कारखान्यांत व जहाजबांधणींत त्याचे तक्ते वापरले गेले, आणि १९२२ सालीं वॉलेस क्लार्कनें त्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. गँटच्या तक्त्यांत नियोजित कामाच्या जागेंत दोन रेघा असत: त्या त्या दिवसाच्या वा आठवड्याच्या कामाची बारीक, व आजवरच्या एकूण कामाची जाड. म्हणजे वचन आणि कृति यांची तुलना एकाच ओळींत होई. यंत्र रिकामें राहिलें तर त्याचें कारणहि अक्षरानें लिहिलेलें असे. कारण त्या रिकामपणाचा दोष पुष्कळदा कामगाराचा नसून व्यवस्थापकाचा असतो, असें गँटचें सांगणें होतें.

१९७९ मध्यें व्हिसिकॅल्क व १९८५ मध्यें एक्सेल आलें, आणि ही विद्या घरोघर पोहोंचली. कृति अशी आहे: कामाचें नांव, आरंभाची तारीख व लागणारे दिवस असे तीन रकाने भरावयाचे, त्यांवरून एकीस एक जोडलेल्या आडव्या पट्ट्यांची आकृति काढावयाची, आणि आरंभापर्यंतच्या पहिल्या पट्टीचा रंग काढून टाकावयाचा. ती अदृश्य होते, व दुसरी आपल्या तारखेपासून अधांतरीं सुरू झाल्यासारखी दिसते. हें साधतें, कारण यंत्राच्या पोटीं तारीख हा केवळ अंक आहे. १ जानेवारी २००० म्हणजे ३६५२६. या गणनेंत २९ फेब्रुवारी १९०० हा कधींच न उजाडलेला दिवसहि धरला आहे. लोटस १-२-३ मधील ती चूक मेळ राखण्यासाठीं एक्सेलनें तशीच चालू ठेविली. दिसण्यांत इतकी काटेकोर असलेली वस्तुहि मुळांत अशी असूं शकते!

या सोप्या तक्त्यांत प्रीस्टलेचीं टिंबें नाहींत, आणि गँटची दुसरी रेघहि नाहीं. एका ग्रंथालयाची सूची नव्यानें करण्याचा असा तक्ता आमच्या पाहण्यांत आला होता. पट्टी मार्चअखेर संपत होती. मार्च सरला, काम अर्धेंच झालें; कोणीतरी पट्टीचें टोक जूनपर्यंत ओढलें. जूनमध्यें तें पुन्हां ओढलें गेलें. वर्षाअखेर सूची पुरी झाली तेव्हां तक्ता पाहावा तर तो निर्दोष. विलंब असा कोठें झालेलाच नव्हता! ज्या दोघां कारकुनांनीं रात्रीं जागून काम निभावलें, त्यांच्या श्रमांचाहि मागमूस त्यांत उरला नाहीं.

यंत्रास दोष देण्यांत अर्थ नाहीं. मूळची योजना न पुसतां प्रत्यक्ष कामाची ओळ तिच्याखालीं काढावी, आणि जेथें मुदत अंदाजाची आहे तेथें पट्टीचें टोक फिकें ठेवावें, एवढ्यानें काम भागतें. याला दोन रकाने अधिक लागतात, आणि थोडा प्रामाणिकपणा लागतो. इतिहास लिहिणाऱ्यापासून जी अपेक्षा आपण करतों, तीच उद्यांचें वेळापत्रक आंखणाऱ्यापासून कां करूं नये?